पाठीवरचं काम

सुईने माणसाच्या कातडीत शाई भरायला डॉक्टरकीची पदवी लागते का? प्रश्न ऐकून हसू येतं, पण जपानमध्ये पाच वर्षं तो कोर्टात लढला गेला. ओसाका पोलिसांनी 2015 मध्ये ताइकी मासुदा या टॅटू कलाकारावर कारवाई केली. आरोप काय, तर विनापरवाना वैद्यकीय काम केल्याचा. तिथल्या वैद्यक कायद्याचं कलम 17 म्हणतं, डॉक्टर नसलेल्या माणसाने वैद्यकीय काम करायचं नाही. सुईच्या टोकाने त्वचेत रंग भरणं हेही त्यातच मोडतं, असं आरोग्य मंत्रालयाने 2001 च्या एका परिपत्रकात म्हणून ठेवलं होतं. दंड भरून मोकळं होण्याची सोय होती, ती मासुदाने नाकारली. जिल्हा न्यायालयाने 2017 मध्ये त्याला दीड लाख येन दंड ठोठावला, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, आणि 16 सप्टेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्या निकालातला एक मुद्दा माझ्या मनात घर करून राहिला. न्यायमूर्तींनी म्हटलं की गोंदण्याला वैद्यकशास्त्राहून निराळं, कलेच्या प्रांतातलं ज्ञान आणि कौशल्य लागतं. डॉक्टर होताना ते कुणी शिकत नाही आणि कुणी शिकावं अशी अपेक्षाही नाही. कोर्टाचं काम तेवढंच होतं, ते त्यांनी केलं. पण ते कौशल्य म्हणजे नेमकं काय, हे निकालपत्रात कसं सापडणार? मी त्या काळात नोकरीसाठी योकोहामात राहत होतो. त्याच शहरात होरियोशी तिसरे, म्हणजे 1946 साली जन्मलेले योशिहितो नाकानो, या कामातलं जगभर माहीत असलेलं नाव. त्यांच्यापर्यंत पोचायची माझी काय टाप! पण ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा थोरला भाऊ दुसऱ्या एका होरिशीकडे पाठ गोंदवून घेत होता. होरिशी म्हणजे हे काम करणारा कारागीर. भाऊ बांधकामाच्या परांच्या उभारणारा. या धंद्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या होरिशींची गिऱ्हाइकं आहेत. त्याने होरिशींना विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि मी एका शनिवारी पाटी नसलेल्या एका फ्लॅटच्या दाराशी बूट काढले.

आत टॅटूच्या दुकानात असते ती मशिनची घरघर नव्हती. भाऊ गादीवर पालथा, होरिशी शेजारी जमिनीवर मांडी घालून, आणि खोलीत एकच आवाज, शक् शक् शक्, एका लयीत. मशिनची सुई सेकंदाला शंभरेक वेळा खालीवर होते, हाताने सेकंदाला दोन, फार तर तीन टोचे. हातातलं हत्यार म्हणजे वीतभराहून थोडी लांब काठी. तिला नोमी म्हणतात. पूर्वी ती बांबूची असे, आता बहुतेक ठिकाणी धातूची. टोकाला सुयांची ओळ. बारीक रेघेला मोजक्या सुया, छटा भरायला डझनांनी.

आपल्याला वाटतं उजवा हात टोचतो, म्हणजे तोच काम करतो. बघत बसलो तेव्हा माझी नजर डाव्या हातावरून हलेना. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कातडी ताणून धरतात. त्याच हाताच्या उरलेल्या बोटांत शाईत बुडवलेला कुंचला अडकवलेला. अंगठ्याच्या फुगीर भागावर काठी टेकलेली, तरफेसारखी. उजवा हात त्या टेकूवरून काठी पुढेमागे करतो, मध्येच सुया कुंचल्याला टेकवून शाई घेतो, पुन्हा कातडीवर. कुंचला, ताण, टेकू, सगळं एका हातात. हे तासभर चालतं आणि त्या तासात डावा अंगठा किंचितही थरथरलेला मला दिसला नाही. सुया सरळ आत जात नाहीत, तिरप्या जातात, आणि बाहेर येताना टोक जरासं वर उचललं जातं. तो आवाज आत जातानाचा नाही, बाहेर येतानाचा आहे. होरिशी म्हणे आवाजावरूनच ओळखतात, सुई बरोबर पोचली की नाही.

पोचली म्हणजे कुठे? कातडीचा वरचा थर कागदाइतका पातळ, तो सतत झडतो आणि नवा येतो. शाई तिथेच राहिली तर महिनाभरात चित्राला भोकं पडतात. खालचा थर टिकाऊ, तिथे शाई बसली तर जन्मभर. त्याहून खोल गेली तर ती पसरते, रेघ फुटते, कडेला निळसर धूर दिसतो. म्हणजे सगळा खेळ एखाद्या मिलिमीटरचा. आणि हे मिलिमीटर अंगभर सारखं नसतं. बरगडीवर कातडी पातळ आणि खाली लगेच हाड. काखेत सैल. कुल्ल्यावर जाड. गुडघ्याच्या मागे तर हात लावला तरी माणूस उडतो. कण्यावरून बाजूला दोन बोटं सरकलं की दाब बदलावा लागतो. मशिनला खोली लावून ठेवता येते. हाताला ती दर टोच्याला नव्याने ठरवायची असते, आणि पालथा पडलेला माणूस श्वास घेत असतो, म्हणजे पाठ वरखाली होत असते, हे वेगळंच.

तरीही रेघ हा या कामातला सोपा भाग आहे, असं माझं मत झालं. बाहेरच्या रेघा आधी काढून घेतात, आणि हल्ली हाताने काम करणारे अनेक नामवंत होरिशीही रेघांपुरतं मशिन वापरतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हात राखून ठेवायचा तो छटेसाठी. तिला बोकाशी म्हणतात. गडद काळ्यापासून कातडीच्या रंगापर्यंत काळं विरत जातं, आणि कुठे थांबलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. यासाठी शाई पाण्यात वेगवेगळी पातळ करून घेतात, पण नुसतं तेवढ्याने जमत नाही. टोच्यांमधलं अंतर, सुयांचा तिरपेपणा, दाब, हे तिन्ही एकाच वेळी हळूहळू बदलत न्यावं लागतं. रेघ चुकली की कुणालाही दिसते. छटा चुकली की बघणाऱ्याला एवढंच वाटतं की काहीतरी मळकट आहे, आणि काय ते सांगता येत नाही. त्या दिवशी अर्धा तास फक्त एका ज्वाळेच्या मागचा काळोख भरणं चाललं होतं, आणि मला कंटाळा आला नाही.

आणखी एक अडचण अशी की आज दिसतंय ते खरं चित्र नसतंच. ताजं काम सुजलेलं, काळंभोर दिसतं. जखम भरली की ते फिकट होतं. सुमीची शाई, जिच्या वड्यांसाठी नारा शहर प्रसिद्ध आहे, ती कातडीखाली गेली की काळी न राहता निळसर-हिरवट दिसू लागते. मग वर्षं जातात आणि रेघा जाड होत जातात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की शाईचे कण कातडीतल्या भक्षक पेशी गिळून बसतात. ती पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते गिळते. म्हणजे ज्याला आपण कायमचं म्हणतो, ते चित्र आतल्या आत सतत या पेशीकडून त्या पेशीकडे सोपवलं जात असतं. होरिशींना पेशी ठाऊक नव्हत्या, पण परिणाम ठाऊक होता. ड्रॅगनचा खवला मोठा काढायचा, दोन खवल्यांत जागा सोडायची, चेहऱ्यावर बारीक कलाकुसर करायचा मोह आवरायचा. आज फोटोत डोळे दिपवणारं बारीक काम तीस वर्षांनी डाग होऊन बसतं. इन्स्टाग्रामवर मिळणाऱ्या वाहवांना या हिशेबात स्थान नाही, म्हणून नव्या पोरांना हे पटवणं अवघड जातं.

जपानी गोंदणाचं मोठं वैशिष्ट्य लोक ड्रॅगन आणि मासे यांत शोधतात. माझ्या मते ते चित्रांमध्ये नाही, चित्रांच्या मागे आहे. एका हातावर गुलाब, दुसऱ्यावर नांगर, पाठीवर आईचं नाव, असा प्रकार इथे नसतो. पूर्ण काम म्हणजे मानेपासून मांड्यांपर्यंत एकच चित्र, आणि त्याला बांधून ठेवतात ते वाऱ्याचे काळे पट्टे, ढग आणि लाटा. खांदा, काख, कंबर, जिथे शरीर वळतं तिथे सहसा मुख्य आकृती नसते, तिथे वारा नाही तर पाणी असतं. हात वर केला की वारा ताणला जातो, ड्रॅगनचं तोंड वाकडं होत नाही. म्हणून जुने होरिशी आराखडा काढताना गिऱ्हाइकाला उभं करत आणि कुंचल्याने थेट अंगावर काढत. झोपलेल्या माणसाची पाठ आणि उभ्या माणसाची पाठ या दोन वेगळ्या पाठी आहेत.

या चित्राला कडा कशी द्यायची यालाही पद्धती आहेत. काळी पार्श्वभूमी जिथे संपते आणि कोरी कातडी सुरू होते ती सीमा कधी बोटन या फुलाच्या पाकळ्यांसारखी गोलाकार, कधी पाइनच्या पानांसारखी टोकदार, कधी पहाटेच्या आभाळासारखी विरघळती. बाही कोपराच्या वर थांबवायची की मनगटाच्या अलीकडे, हेही ठरलेलं. एका पद्धतीत छातीच्या मधोमध गळ्यापासून पोटापर्यंत उभा पट्टा कोरा ठेवतात. कारण साधं. उत्सवाचा आखूड डगला घातला की समोरून तो पट्टाच उघडा दिसतो, चित्र दिसत नाही. सूट-टाय घातलेल्या माणसाच्या अंगावर दहा वर्षांचं काम असू शकतं आणि मेट्रोत शेजारी उभ्या असलेल्या मला ते कधीच कळणार नाही. इतकी मेहनत करायची आणि ती झाकता येईल अशा बेताने करायची. या शिस्तीचं मला राहून राहून नवल वाटतं.

हे सगळं आलं कुठून? एडो काळातल्या (1603–1868) कष्टकऱ्यांकडून. आग विझवणारे, पालख्या वाहणारे, निरोपे, सुतार, परांचीवाले. म्हणजे लंगोटीवर काम करणारी, अंग उघडं असणारी माणसं. त्यांना चित्रं पुरवली ती लाकडी ठशांच्या छपाईने. चित्रकार उतागावा कुनियोशीने 1827 च्या सुमारास ‘सुईकोदेन’ या मूळ चिनी कादंबरीतल्या 108 बंडखोर वीरांची चित्रमालिका सुरू केली. कादंबरीत मोजकेच वीर गोंदलेले आहेत. कुनियोशीने आणखी काहींना गोंदून टाकलं, पाठभर ड्रॅगन, वाघ, साप, लाटा. चित्रं धडाधड खपली आणि लोक तीच पाठीवर मागू लागले. गोंदलेल्या वीराचं चित्र आपल्या अंगावर गोंदून घ्यायचं, म्हणजे चित्रातल्या चित्रात चित्र. छपाईचा लाकडी ठसा कोरणारा आणि कातडी गोंदणारा, दोघांनाही होरिशी म्हणत, आणि दोघांची नातीही जवळची असावीत. आग विझवणाऱ्याने पाठीवर ड्रॅगन का घ्यावा? तर ड्रॅगन पाण्याचा. ज्याच्या अंगावर पाणी आहे त्याला आग काय करणार!

या चित्रांना ऋतूचं भान लागतं. प्रवाहाविरुद्ध चढणारा कोई मासा मोमिजीच्या, म्हणजे मेपलच्या, लाल पानांत असेल तर शरद ऋतू, चेरीच्या पाकळ्यांत असेल तर वसंत. सिंहाबरोबर बोटनचं फूल, वाघाबरोबर बांबू. साप हिवाळ्यात बिळात असतो, म्हणून जाणकार होरिशी त्याच्याभोवती कुठली फुलं काढायची याचा विचार करून मगच रेघ मारतो. हात सफाईदार आणि डोकं रिकामं असा माणूस इथे ताबडतोब उघडा पडतो, कारण चुकीच्या ऋतूतलं फूल जन्मभर पाठीवर राहतं.

सहकाऱ्याच्या भावाच्या पाठीवर होता फुदो. मागे ज्वाळा, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश, एक सुळा वर आणि एक खाली, एक डोळा तिरका. हे प्रत्येक चिन्ह ठरलेलं आहे, कुणाच्या मर्जीवर नाही. आणि हा देव आपल्याकडचाच निघाला. फुदो म्योओ म्हणजे अचलनाथ. तंत्रमार्गी बौद्ध परंपरेतून चीनला गेलेला आणि कूकाई या भिक्षूने 806 मध्ये चीनहून परत येताना जी परंपरा आणली तिच्याबरोबर जपानमध्ये रुजलेला. त्याच्या शेजारी खांद्याजवळ होरिशींनी एका बीजाक्षरासाठी जागा राखून ठेवली होती. ते सिद्धम् लिपीतलं ‘हां’. नमुन्याचा कागद माझ्यासमोर धरला तेव्हा ओळख पटायला क्षणभर लागला, पण वर अनुस्वार बघितल्यावर एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. होरिशींना मी भारतातून आलोय हे कळल्यावर त्यांनी ते अक्षर मला काढून दाखवायला सांगितलं. मी देवनागरीतलं काढलं. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि मग आपल्या अक्षरात कुंचला कुठून सुरू होतो, कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, ते मला सावकाश करून दाखवलं. लिपी आपली, आणि तिचा कुंचला धरायला शिकलो योकोहामात! पुढे कधीतरी टोकियोत फुकागावाच्या फुदो मंदिरात गेलो. तिथल्या नव्या वास्तूच्या बाहेरच्या भिंतीवर अचलनाथाचा मंत्र याच लिपीत लिहिलाय, अक्षरंच अक्षरं. बराच वेळ मान वर करून एकेक अक्षर लावत उभा राहिलो.

हे शिकायचं कसं? याचं उत्तर गाणं शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला लगेच कळेल. गुरूच्या घरी राहायचं. झाडलोट, स्वयंपाक, पाणी, गिऱ्हाइकांना चहा. सुमीची वडी तासन् तास उगाळायची. सुया बांधायच्या. पूर्वी त्या रेशमी दोऱ्याने काठीला बांधत, आणि सगळ्यांची टोकं अगदी एका रेषेत यावी लागत. एक सुई केसभर पुढे आली तर तीच खोल जाते आणि बाकीच्या नुसत्या घासतात. म्हणजे हातात काठी येण्याआधी शिष्याला काठी तयार करता यायला हवी. गुरू शिकवत नाही, शिष्य बघतो. जुन्या चित्रांच्या नकला कागदावर शेकड्यांनी. मग स्वतःची मांडी. होरिशींच्या मांड्यांवर तरुणपणीचे वेडेवाकडे प्रयोग असतात, ते ज्याने बघितले त्याला त्यांच्या पुढच्या कामाची किंमत कळते. चारपाच वर्षं अशी गेली की गुरू नाव देतो, आधी ‘होरी’ आणि त्याला जोडून गुरूच्या नावातला तुकडा. त्या दिवसापासून चूक झाली तर ती गुरूच्या नावावर जाते. आपल्याकडे गंडा बांधल्यावर जे ओझं येतं ते हेच.

या शिक्षणाला मी आंधळेपणाने भुललेलो नाही. वर्षानुवर्षं बिनपगारी राबवून घेण्याला परंपरा म्हणणं सोपं असतं, आणि या चौकटीत बायका फार उशिरा आणि फार थोड्या शिरल्या. तरी डाव्या अंगठ्याचा तो स्थिरपणा आठवड्याच्या शिबिरात येत नाही, हेही खरंच.

सरकार मात्र या सगळ्याकडे दीडशे वर्षं नाक मुरडून बघत आलंय. त्याला जुनं कारण आहे. शोगुन, म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश, योशिमुने याने 1720 मध्ये नाक-कान कापण्याच्या शिक्षेऐवजी गोंदण्याची शिक्षा आणली. कुठे दंडावर वळी, कुठे कपाळावर खूण. ते लपवायला लोकांनी वरून फुलं गोंदून घेतली, म्हणजे अट्टल गुन्हेगार आणि हौशी माणूस दोघंही सारखेच दिसू लागले. ती शिक्षा 1870 मध्ये गेली, आणि दोनच वर्षांनी, 1872 मध्ये, हौसेच्या गोंदणावरही बंदी आली, कारण पाश्चात्त्य पाहुण्यांसमोर आपण रानटी दिसू अशी मेइजी सरकारला धास्ती. मजा अशी की पाहुण्यांना तेच हवं होतं. पुढे पाचवा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला ब्रिटिश राजपुत्र 1881 मध्ये जपानला आला आणि दंडावर ड्रॅगन घेऊन गेला. रशियाच्या युवराज निकोलसने 1891 मध्ये नागासाकीत तेच केलं. आपल्या माणसांना मनाई, परक्यांना मोकळीक. ओकिनावातल्या बायकांच्या हातांवरची पिढीजात नक्षी, उत्तरेतल्या ऐनू बायकांच्या ओठांभोवतीचं गोंदण, तीही याच धाकाने पुसली गेली, आणि त्या बायकांना कुणी विचारलंही नाही. बंदी उठली 1948 मध्ये, अमेरिकी ताब्यात. तोवर हे काम चोरून करायची सवय लागली होती, आणि नंतरच्या सिनेमांनी ते याकुझांच्या, म्हणजे तिथल्या गुंडटोळ्यांच्या, अंगावर पक्कं चिकटवलं. आजही गरम पाण्याच्या कुंडांवर ‘टॅटू असलेल्यांना प्रवेश नाही’ ही पाटी दिसते. ओसाकाच्या महापौरांनी 2012 मध्ये पालिकेच्या कर्मचाऱ्यांना अंगावर गोंदण आहे का ते लेखी कळवायला लावलं होतं. 2019 च्या रग्बी विश्वचषकाला आलेल्या खेळाडूंना तर सार्वजनिक पोहण्याच्या जागी अंग झाका असं आधीच सांगून ठेवलं होतं.

भावाला मी विचारलं, कुंडावर जाता येत नाही याचं वाईट नाही वाटत? तो म्हणाला, गल्लीतल्या न्हाणीघरात कोणी अडवत नाही, आणि डोंगरातल्या महागड्या कुंडावर जायला पैसे आहेत कुणाकडे, सगळे तर इथेच जातात. या कामाचे पैसे तासावर मोजतात, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकच बैठक. बहुतेकांची पाठ वर्षानुवर्षं चालते. कित्येकांची कधीच संपत नाही. रेघा होतात, मग नोकरी जाते, लग्न ठरतं, मुलांच्या फिया येतात, नाहीतर दुखणं सोसवत नाही. फक्त रेघांची, आत काहीच न भरलेली पाठ न्हाणीघरात दिसली तर बाकीचे काही बोलत नाहीत, पण बघतात. त्याचा फुदोही तेव्हा दोन वर्षं ज्वाळांपाशी अडकला होता.

या अडकलेल्या पाठींचा एक आश्रयदाता होऊन गेला. डॉ. मासाइची फुकुशी (1878–1956), विकृतिशास्त्रज्ञ. कातडीचा अभ्यास करता करता ते गोंदणाच्या नादी लागले. होरिशींशी आणि गिऱ्हाइकांशी त्यांनी ओळखी वाढवल्या, आणि ज्यांना पैशाअभावी काम पुरं करता येत नव्हतं त्यांना स्वतः पैसे दिले, असं सांगतात. बदल्यात मेल्यानंतर कातडी द्यायची. त्या कातड्या टोकियो विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात जपून ठेवल्या आहेत, सर्वसामान्यांना बघायला खुल्या नाहीत. मी फक्त फोटो बघितलेत. डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, आणि त्यांनी जपलं नसतं तर शंभर वर्षांपूर्वीची बोकाशी कशी होती ते आज कुणाला कळलंच नसतं. पण फोटोत चौकटीवर सपाट ताणलेली ती पाठ बघताना डोळ्याला सतत खटकत राहतं. खांद्याच्या फुगवट्यासाठी रुंद केलेलं ड्रॅगनचं कपाळ तिथे नुसतंच रुंद दिसतं. कमरेच्या खळग्यासाठी दाटलेल्या लाटा सुटून पसरल्यात. काखेतला वारा कुठूनही कुठेही न जाणारा काळा पट्टा झालाय. होरिशीने केलेला हिशेब शरीराचा होता, आणि नेमकं तेच काढून घेतलंय.

म्हणून कुणी मला विचारलं की हे काम बघायचं कुठे, तर मी टोकियोतल्या आसाकुसाचं नाव सांगतो. मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी तिथे सान्जा मात्सुरी हा उत्सव असतो. देवाच्या जड पालख्या, म्हणजे मिकोशी, खांद्यावर घेऊन मंडळी गल्लीबोळांतून धावतात, ओरडतात, धक्के खातात, आणि डगले खांद्यावरून उतरले की एरवी वर्षभर झाकलेल्या पाठी बाहेर येतात. मिकोशी उचलताना खांदे ताणले जातात तेव्हा वाघाचा जबडा उघडतो, खाली ठेवताना मिटतो. गर्दी अफाट असते, उभं राहायला जागा मिळत नाही. रविवारी पहाटे जायचं, स्टेशनजवळचा रस्ता सोडून देवळाच्या मागच्या बाजूने शिरायचं, आणि फोटो काढण्याआधी विचारायचं. बहुतेक जण हो म्हणतात. एकाने तर मला उलट पाठ करून नीट उजेडात उभं राहून दाखवलं, आणि मग दरडावून विचारलं, ‘होरिशींचं नाव विचारणार की नाही?’